गाढविणीचं दूध : औषध की नुसता बोलबाला?

मुलांनो, ‘अडला हरी गाढवाचे पाय धरी’ ही म्हण तुम्हांला ठाऊक आहेच. वेळ आली की भल्याभल्यांना नको त्याची मनधरणी करावी लागते, असा तिचा अर्थ. पण आपल्याकडे ही म्हण कधी कधी अगदी शब्दशः खरी होते, बरं का! सकाळच्या वेळी गल्लीतून दोन-तीन गाढविणी येतात. सोबत लुटुलुटु चालणारं एखादं शिंगरू असतं. मागून हाळी ऐकू येते, “गाढविणीचं दूध घ्याऽऽ! खोकला, दमा, पोटदुखी, सगळ्यावर औषध!” कुठलं तरी दार उघडतं. एखादी आजी नातवाला कडेवर घेऊन बाहेर येते. गाढविणीची धार तिथेच काढली जाते आणि कोमट, ताजं दूध चमच्याने बाळाच्या तोंडात जातं.

२०२१ साली हिंगोलीतून अशा बातम्या वर्तमानपत्रांत आल्या होत्या. भाव वाचून पुष्कळांनी डोळे चोळले असतील. चमच्याला शंभर रुपये, म्हणजे लिटरला दहा हजार रुपये! ह्या दुधाचे गुण सांगताना आता आणखी एका दुखण्याचं नाव घेतलं जाऊ लागलं आहे. ते म्हणजे आतड्यांना येणारी आणि वर्षानुवर्षं टिकणारी सूज. डॉक्टर मंडळी तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयबीडी’ म्हणतात.

हे दुखणं मोठ्यांना होतं, तसं तुमच्या वयाच्या मुलामुलींनाही होतं. घरात असं आजारी मूल असलं की आईवडिलांना झोप लागत नाही. कुणी जो सांगेल तो उपाय करून पाहावा, असं त्यांना वाटतं. त्यात नवल काहीच नाही. म्हणूनच हा चमचा तोंडाशी नेण्याआधी त्यात काय आहे आणि काय नाही, हे आपण सगळे मिळून नीट पाहू या.

पहारेकरीच मारायला लागले तर?

आधी दुखणं समजून घेऊ. आपण खाल्लेला घास जठरातून लहान आतड्यात जातो. हे आतडं मोठ्या माणसात साधारण सहा मीटर लांब असतं. एवढी लांब नळी पोटात वेटोळी करून बसलेली असते! अन्नातला कस इथे रक्तात शोषला जातो. उरलेला भाग साधारण दीड मीटर लांबीच्या मोठ्या आतड्यात जातो. तिथे त्यातलं पाणी शोषलं जातं आणि राहिलेला मळ शौचावाटे बाहेर पडतो.

आतड्यात कोट्यवधी जीवाणू राहतात. त्यांतले बहुतेक आपले मित्रच असतात. त्यांच्यावर आणि बाहेरून येणाऱ्या चोरांवर लक्ष ठेवायला आतड्याच्या भिंतीत शरीराचे पहारेकरी असतात. ह्यालाच आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो. चोर आला की पहारेकरी धावतात, झटापट होते, थोडी सूज येते. चोर पळाला की सगळं शांत होतं. आयबीडीमध्ये मात्र हे पहारेकरी शांतच होत नाहीत. चोर नसतानाही ते काठ्या चालवत राहतात आणि मार बसतो तो आपल्याच भिंतीला. तिला सूज येते, जखमा होतात, त्यांतून रक्त येतं.

ह्या दुखण्याचे मुख्य प्रकार दोन. एक ‘अल्सरेटिव्ह कोलायटिस’. ह्यात फक्त मोठ्या आतड्याला जखमा होतात. हे नाव १८५९ साली लंडनच्या सॅम्युएल विल्क्स ह्या डॉक्टरांनी वापरलं. दुसरा ‘क्रोन्स डिसीज’. हा तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त आढळतो. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर ह्या तीन डॉक्टरांनी १९३२ साली त्याचं वर्णन केलं. नाव राहिलं ते पहिल्या डॉक्टरांचं!

हे कशामुळे होतं? ह्याला एकच एक कारण नाही. अंगातला आनुवंशिक कल, आतड्यातले जीवाणू, खाणंपिणं, आजूबाजूची परिस्थिती अशा अनेक गोष्टी एकत्र येतात. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. हा आजार शेजारी बसल्याने, एका डब्यात जेवल्याने किंवा हात धरल्याने होत नाही. आणि तो कुणाच्या हावरटपणाची शिक्षाही नाही.

दुधात आहे तरी काय?

आता वळू या गाढविणीच्या दुधाकडे. सगळी दुधं दिसायला पांढरी, पण आतून फार वेगवेगळी असतात. शंभर ग्रॅम गाईच्या दुधात सुमारे सव्वातीन ग्रॅम प्रथिनं असतात. आईच्या दुधात एक ग्रॅमच्या आसपास आणि गाढविणीच्या दुधात साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, गाईच्या दुधात पावणेपाच ग्रॅमच्या घरात. आईच्या आणि गाढविणीच्या दुधात मात्र सहा-सात ग्रॅम. म्हणून गाढविणीचं दूध चवीला गोडसर लागतं. ह्या दोन बाबतींत ते आईच्या दुधाच्या जवळ जातं, हे खरं.

पण स्निग्धांश पाहिला की गोष्ट बदलते. आईच्या दुधात तो चार ग्रॅमच्या आसपास असतो, गाढविणीच्या दुधात बहुधा एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे हे दूध पातळ आणि कमी ताकदीचं. नुसत्या त्याच्यावर बाळाची वाढ नीट होणार नाही.

ह्या दुधात आणखी एक खुबी आहे. गाईच्या दुधातल्या प्रथिनांत सुमारे ऐंशी टक्के केसीन असतं. दूध फाटलं की जो चोथा जमतो, तो मुख्यतः त्याचाच. गाढविणीच्या दुधात केसीनचं प्रमाण बरंच कमी असतं. त्यामुळे पोटात त्याचा मऊ, भुसभुशीत चोथा होतो.

आणि सगळ्यांत मजेदार वस्तू म्हणजे लायसोझाइम. हे नाव ठेवलं अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनी. होय, तेच पेनिसिलिनवाले! पेनिसिलिन त्यांना सापडलं १९२८ साली. त्याच्या काही वर्षं आधी ह्या शास्त्रज्ञाने चक्क शेंबडावर प्रयोग केला. जंतू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत तो टाकला, तर त्याच्या आसपासचे जंतू विरघळून गेले! १९२२ साली त्यांनी ह्या शोधाची माहिती प्रसिद्ध केली. हे लायसोझाइम आपल्या अश्रूंत असतं, लाळेत असतं, अंड्याच्या पांढऱ्या भागात असतं. गाईच्या दुधात ते जेमतेम नावाला असतं, पण गाढविणीच्या लिटरभर दुधात एक ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त मिळतं. शास्त्रज्ञांचं लक्ष ह्या दुधाकडे गेलं, त्याचं हे एक मोठं कारण.

शिंगराच्या वाट्याचं दूध

हे दूध एवढं महाग का? कारण गाढवीण म्हणजे काही म्हैस नव्हे. तिची कास लहानशी असते. दिवसाकाठी तिचं जेमतेम लिटरभर दूध मिळतं, कधी त्याहूनही कमी. शिंगरू जवळ असलं तरच ती पान्हा सोडते. ती वर्षभर गाभण राहते आणि एका वेळी बहुधा एकच शिंगरू देते. माणूस जे दूध काढून घेतो ते त्या शिंगराच्याच वाट्याचं असतं.

शिवाय आपल्या देशातली गाढवंच झपाट्याने कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत ती सुमारे ३ लाख २० हजार होती. २०१९ च्या गणनेत उरली १ लाख २० हजार! वीट, माती, वाळू वाहायला ट्रॅक्टर आणि टेम्पो आले आणि गाढवाचं काम गेलं. गुजरातमध्ये जामनगर-द्वारकेकडे हलारी नावाची उंचपुरी, पांढुरकी गाढवं असतात. धनगरांसारखे भटके पशुपालक त्यांच्यावर सामान लादून मेंढरांमागे फिरतात. त्या हलारी गाढविणींची डेअरी काढण्याचा विचार हरियाणातल्या हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने २०२० साली बोलून दाखवला होता. दुधाला चांगला भाव मिळाला तर माणसं गाढवं सांभाळतील, ही त्यामागची एक आशा. ती आशा चांगलीच आहे. मात्र दूध विकलं जाणं वेगळं आणि त्याने रोग बरा होणं वेगळं.

पॅरिसमधल्या गाढविणी

गाढविणीच्या दुधाची कीर्ती फार जुनी आहे. आपल्या चरकसंहितेत ‘एकशफ’ प्राण्यांच्या दुधाचा उल्लेख आहे. एकशफ म्हणजे न फाटलेल्या, अखंड खुराचे प्राणी, जसे घोडी आणि गाढवीण. रोमन लेखक प्लिनीने तर लिहून ठेवलं आहे, की नीरो बादशहाची राणी पोपेया ह्या दुधाने अंघोळ करी आणि त्यासाठी पाचशे गाढविणी बाळगी!

पण सगळ्यांत विचार करण्यासारखी हकीकत आहे पॅरिसची. १८८० च्या दशकात तिथे अनाथ बाळांचं एक रुग्णालय होतं. त्यातल्या काही बाळांना जन्माच्या आधीच आईकडून गंभीर रोगाचा संसर्ग झालेला असे. त्यांना पाजायला दाया तयार होत नसत, कारण तो रोग दाईला लागण्याची भीती. तेव्हा डॉक्टर पॅरो ह्यांनी रुग्णालयाच्या आवारात गाढविणींचा गोठा केला. दाया बाळाला उचलून थेट गाढविणीच्या कासेला लावत! ८६ बाळांचा हिशेब त्यांनी ठेवला. गाईचं दूध दिलेल्या ६ बाळांपैकी १ वाचलं. शेळी पाजलेल्या ४२ पैकी ८ वाचली. आणि गाढवीण पाजलेल्या ३८ पैकी २८ वाचली.

वाचून वाटतं, वा! काय जादू आहे! पण थांबा. त्या काळी शहरात मिळणारं गाईचं दूध पुष्कळदा घाणेरड्या भांड्यांतून, पाणी घालून, तासन्‌तास फिरून येत असे. त्यात जंतू बुजबुजलेले असत. गाढविणीचं दूध मात्र कासेतून सरळ बाळाच्या पोटात जाई. मग बाळं वाचली ती गाढविणीच्या दुधाच्या गुणाने, की दुधाला मध्ये घाण लागली नाही म्हणून? शिवाय गाईच्या दुधावरची बाळं तर फक्त सहाच! नुसत्या आकड्यांवरून ह्याचं उत्तर मिळत नाही.

विचारायचे तीन प्रश्न

म्हणूनच कुणी एखादा उपाय सांगितला, की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. मी चौथीच्या मुलांना हे फळ्यावर लिहून देते. पहिला : हे कुणावर करून पाहिलं? दुसरा : किती जणांवर? तिसरा : कशाशी तुलना करून? ‘आमच्या शेजारच्या काकूंना गुण आला’ हे ह्या तिन्ही प्रश्नांचं उत्तर होत नाही. आयबीडी हा तर चढ-उतारांचा आजार आहे. काही महिने त्रास होतो, मग आपोआपही थोडा उतार पडतो. नेमका त्याच आठवड्यात कुणी चमचाभर दूध घेतलं असलं, तर सगळं श्रेय त्या चमच्याला मिळतं!

हे प्रश्न लावून पाहू या. इटलीतल्या डॉक्टरांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या ४६ मुलांना गाढविणीचं दूध दिलं. त्यांतल्या ३८ जणांना ते आवडलं आणि सोसलं. कुणावर? मुलांवर. किती? ४६. म्हणजे दुधाच्या ॲलर्जीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ह्या दुधाचा उपयोग होऊ शकतो असं म्हणायला आधार आहे. पण ॲलर्जी म्हणजे आयबीडी नव्हे. दोन्ही पोटाची दुखणी असली तरी त्यांची जात वेगळी.

उंदीर आणि आपण

आता आयबीडीविषयी पाहू. फ्रान्समध्ये तुलूझ इथल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी उंदरांना एक वेदनाशामक औषध देऊन त्यांच्या लहान आतड्याला मुद्दाम सूज आणली. ज्या उंदरांना गाढविणीचं दूध पाजलं, त्यांची सूज कमी दिसली. आतड्याच्या भिंतीत जंतूंना आवरणारी द्रव्यं तयार करणाऱ्या पेशी असतात. त्यांचं बिघडलेलं कामही ताळ्यावर येताना दिसलं. ह्यात लायसोझाइमचा वाटा असावा, असा त्या शास्त्रज्ञांचा कयास.

हा प्रयोग छान आहे. पुढचं संशोधन त्यातूनच सुचतं. पण पहिला प्रश्न विचारा : कुणावर? उंदरांवर! प्रयोगशाळेतला उंदीर असतो वीस-पंचवीस ग्रॅमचा. सातवीतला मुलगा पस्तीस-चाळीस किलोचा. उंदरांची सूज औषधाने आणलेली, काही दिवसांची. मुलाचा आजार आपणहून आलेला, वर्षानुवर्षं राहणारा. उंदरावर लागू पडलेल्या कितीतरी गोष्टी माणसावर लागू पडत नाहीत. गाढविणीच्या दुधाने माणसाचा आयबीडी बरा होतो असं रुग्णांवरच्या मोठ्या, नीट तुलना केलेल्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. म्हणून आज त्याला ‘औषध’ म्हणता येणार नाही.

मग खाण्यापिण्याने काहीच होत नाही का?

होतं की! आणि हीच तर खरी ऐकण्यासारखी गोष्ट आहे. क्रोन्स झालेल्या मुलांना डॉक्टर कधी कधी सहा ते आठ आठवडे नेहमीचं जेवण पूर्ण बंद करून फक्त एक खास तयार केलेलं पातळ अन्न देतात. त्यात प्रथिनं, स्निग्धांश, साखर, क्षार, जीवनसत्त्वं असं शरीराला लागणारं सगळं मोजूनमापून घातलेलं असतं. मुलं ते पेल्याने पितात. जमलं नाही तर नाकातून बारीक नळी घालून देतात. पोळी नाही, भात नाही, वाढदिवसाचा केकसुद्धा नाही! अवघड असतं, पण पुष्कळ मुलांची सूज ह्याने उतरते. स्टेरॉइडच्या गोळ्यांइतकाच ह्याचा उपयोग होतो आणि मुलाची वाढ खुंटण्याऐवजी सुधारते. २०१४ साली युरोपातल्या तज्ज्ञांनी क्रोन्स झालेल्या मुलांसाठी सूज उतरवण्याचा पहिला उपाय म्हणून ह्याच आहाराची शिफारस केली.

पुढे २०१९ साली इस्राएल आणि कॅनडातल्या मुलांवर झालेली एक चाचणी प्रसिद्ध झाली. त्यात निम्मं पोषण अशा पातळ अन्नातून आणि उरलेलं ठरावीक साध्या पदार्थांतून दिलं होतं. हा मार्गही मुलांना मानवला. पाहा, कुणावर, किती, कशाशी तुलना, तिन्ही प्रश्नांना इथे उत्तर आहे! अल्सरेटिव्ह कोलायटिसला मात्र हा पातळ आहार असा लागू पडत नाही. तिथे औषधांवरच भर द्यावा लागतो. म्हणून आपला प्रकार कोणता, हे आधी डॉक्टरांकडून कळलं पाहिजे.

चमच्याचा हिशेब

आता थोडं गणित करू. चमचा मोठा, म्हणजे दहा मिलिलिटरचा धरू. लिटरात असे शंभर चमचे. एका चमच्यात प्रथिनं किती? साधारण ०.१७ ग्रॅम. एका कोंबडीच्या अंड्यात असतात सुमारे ६ ग्रॅम. तेवढी प्रथिनं मिळवायला किती चमचे लागतील? भागाकार करा. पस्तीस! शंभर रुपयांप्रमाणे त्यांची किंमत झाली साडेतीन हजार रुपये. आजाराने वाळलेल्या मुलाला ताकद यायला हवी असेल, तर हा सौदा परवडणारा आहे का, तुम्हीच सांगा.

दूध विकणारी माणसं बहुतेक गरीब असतात, गाढवं घेऊन गावोगाव हिंडतात. त्यांना उगाच हिणवू नये. ती आपलं पोट भरतात. पण आपल्या मुलाच्या पोटाचा निर्णय त्यांच्या हाळीवर सोडू नये, एवढंच.

पालकांशी दोन शब्द

आईबाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. मुलाला तीन-चार आठवड्यांहून जास्त दिवस जुलाब होत असतील, शौचातून रक्त जात असेल, रात्री झोपेतून उठून संडासला धावावं लागत असेल, वजन उतरत असेल, वारंवार ताप किंवा तोंड येत असेल, तर ‘बाहेरचं खाल्लं असेल’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त दिसलं तर तीन आठवड्यांची वाटही पाहू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. शौचाची तपासणी, रक्ताची तपासणी आणि गरज पडली तर दुर्बिणीची तपासणी करून निदान होतं. आपल्या देशात आणखी एक काळजी घ्यावी लागते. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स हे दोन्ही दिसायला फार सारखे असतात, पण त्यांची औषधं अगदी वेगळी. क्षयरोगाला क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली, तर क्षय बळावतो. म्हणून निदान पक्कं होणं फार महत्त्वाचं.

निदान झाल्यावर औषधं मध्येच बंद करू नका. बरं वाटू लागलं की गोळ्या सुटतात आणि सूज आतल्या आत परत वाढते. गाढविणीचं दूध द्यावं असं मनात असेल, तर लपवू नका, आधी डॉक्टरांना विचारा. विशेषतः हे लक्षात ठेवा : कच्च्या दुधातून, मग ते कुठल्याही जनावराचं असो, ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात. आयबीडीच्या काही औषधांनी मुलाची प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी केलेली असते. त्याला कच्चं दूध देणं म्हणजे पहारेकरी झोपलेले असताना दार उघडं टाकणं. शिवाय ज्यांना लॅक्टोज सोसत नाही, त्यांना हे गोडसर दूध गाईच्या दुधापेक्षाही जास्त त्रास देऊ शकतं. आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय दुसरं काही नको, चमचाभरसुद्धा नको.

आणखी एक. ‘हे बंद, ते बंद’ असं करत मुलाच्या ताटातून एकेक पदार्थ काढून टाकू नका. आयबीडीमध्ये मूल आधीच वाळतं. लोह, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी पडतं. एक वही करा. काय खाल्लं, पोट कसं होतं, वजन किती, हे तारखेसह लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा. शंभर रुपयांच्या चमच्यापेक्षा ही वही जास्त उपयोगी पडेल.

वर्गातली दोन बोटं

मुलांनो, आता पुन्हा तुमच्याशी. वर्गात कुणी करंगळी वर केली की आपण समजतो, आणि दोन बोटं वर केली की मागच्या बाकांवर खसखस पिकते! आयबीडी असलेल्या मुलाला तासाभरात दोन-तीनदा सुद्धा दोन बोटं वर करावी लागतात. आणि त्याला थांबता येत नाही, खरंच येत नाही. आपण हसलो तर तो उद्या डबा खाणार नाही, परवा पाणी पिणार नाही आणि तेरवा शाळेतच येणार नाही. असं उपाशी राहून आजार जास्त बळावतो. आम्हां शिक्षकांचंही ह्यात काम आहे. अशा मुलाला दाराजवळची जागा द्यावी, न विचारता जाण्याची कायमची मुभा द्यावी, आणि शाळेच्या संडासाला पाणी आणि आतून कडी आहे ना, हे पाहावं. एवढ्याशा गोष्टीने एखाद्याचं शिक्षण सुटायचं वाचतं.

ह्या आजारात माणूस काही करू शकत नाही, असं मुळीच नाही. इंग्लंडचे नावाडी स्टीव्ह रेडग्रेव्ह ह्यांना १९९२ साली अल्सरेटिव्ह कोलायटिस असल्याचं निदान झालं. त्याच वर्षी त्यांनी ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं, नंतर १९९६ आणि २००० सालीही जिंकलं! जपानचे शिन्झो आबे ह्यांना हाच आजार होता. त्याच्यामुळे त्यांना २०२० साली पंतप्रधानपद सोडावं लागलं हे खरं, पण तोपर्यंत जपानमध्ये सगळ्यांत जास्त काळ पंतप्रधान राहिलेले तेच होते. ही माणसं आजार लपवून नव्हे, तर उपचार घेत घेत आपलं काम करत राहिली.

जाता जाता एक सोपं काम सांगते. घराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहा. डोक्यावर पट्टी आडवी ठेवून पेन्सिलीने खूण करा आणि शेजारी आजची तारीख लिहा. सहा महिन्यांनी पुन्हा खूण करा. लहानथोर सगळ्या भावंडांची करा. एखाद्याची खूण जागची हलली नाही, आणि त्याचं पोटही वरचेवर दुखत असेल, तर आईबाबांना लगेच दाखवा. पोटातल्या दुखण्याची पहिली बातमी पुष्कळदा त्या दोन खुणाच देतात.